अख्खं कोकण पाच दिवसांत कोंबू नका

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. मी, माझे यजमान, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघं गाडी घेऊन कोकणात जायचं म्हणतोय. हाताशी पाच दिवस आहेत. ह्यांना गाडी चालवायची भारी हौस. अलिबागहून सुरुवात करून किनाऱ्याकिनाऱ्याने थेट वेंगुर्ल्यापर्यंत जायचं आणि आंबोलीमार्गे परतायचं, रोज नवा मुक्काम, असा बेत त्यांनी आखलाय. शिवाय व्हिडिओ बघून कुठे काय खायचं याची लांबलचक यादी तयार आहे. गेल्या वर्षीही असंच झालं होतं. समुद्र बहुतेक काचेतूनच पाहिला. जेवायला रोज तीन-साडेतीन वाजायचे, आणि तेही हायवेवरच्या हॉटेलात पनीर नि तंदुरी रोटी. मुलाला घाटात उलट्या होतात. सासूबाई मासे तर सोडाच, कांदा-लसूणही खात नाहीत, त्यांचे फार हाल झाले. मला रस्तेही बघायचेत आणि तिथलं खरं घरगुती जेवणही जेवायचंय. मला गाडी येते, पण हे स्टीअरिंग सोडत नाहीत. दिवाळीनंतर जावं की मे महिन्यात? आणि ह्या बेताचं काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर :

ताई, बेत निम्म्याहून जास्त कापून टाका. वेंगुर्लं, मालवण, रत्नागिरी, सगळं या खेपेला वगळा. अलिबागही वगळा. रायगड जिल्ह्याचं दक्षिण टोक आणि दापोली तालुक्याचा किनारा एवढंच धरा. दिवेआगर किंवा श्रीवर्धनला दोन रात्री, आंजर्लं-हर्णै-मुरूड (हे दापोलीचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे) या पट्ट्यात दोन रात्री, पाचव्या दिवशी घरी. एवढंसंच? असं तुमचे 'हे' म्हणतील. म्हणू द्या.

नकाशावर कोकणचा किनारा सरळ खाली उतरलेला दिसतो. प्रत्यक्षात दर थोड्या अंतरावर एक खाडी आत घुसलेली असते, आणि रस्ता डोंगर चढून, वाडीतून वाट काढून, पुन्हा पाण्याशी उतरतो. गाडीचा सरासरी वेग ताशी तीसच्या आसपास पडतो. चाळीस किलोमीटरला दीड तास लागला तर तो खोळंबा समजू नका, तीच तिथली चाल आहे. या हिशेबाने अलिबाग ते वेंगुर्लं पाच दिवसांत होतं खरं, पण मग दिवसभर गाडी, संध्याकाळी बॅगा वर, सकाळी बॅगा खाली, एवढंच होतं.

आणि तुमचं जेवण का बिघडलं त्याचं कारणही यातच आहे. कोकणात चांगलं जेवण हॉटेलात कमी आणि घरांत जास्त मिळतं. घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवावं लागतं, शक्यतो आदल्या रात्री, निदान सकाळी नऊच्या आत. किती माणसं, त्यात शाकाहारी किती, किती वाजता येणार. त्यानुसार नारळ खवला जातो, कडधान्य भिजतं, तांदूळ चुलीवर चढतो. जो माणूस एक वाजता आपण कुठल्या गावात असू हे सांगू शकत नाही, त्याच्यासाठी कुणी केळफूल सोलत बसत नाही. त्याच्या नशिबी पनीरच. तेव्हा दिवसाची आखणी जेवणापासून उलटी करा. एक वाजता पानावर बसायचं हे पक्कं, आणि गाडी त्याच्या आधी चालवायची. सात-साडेसातला निघालात तर साडेबारापर्यंत हवा तेवढा रस्ता होतो. दुपारी आडवं व्हायचं, संध्याकाळी पायी फिरायचं. रात्रीचं जेवणही आठ-साडेआठला उरकतं, दहा वाजता दार ठोठावून काही मिळत नाही.

आता कधी जायचं ते. मे महिन्याचा मोह मला कळतो. हापूस, बरका-कापा फणस, करवंदं, जांभळं, सगळं एकदम येतं. पण घामाने जीव जातो, माणगावला गाड्यांच्या रांगा लागतात, आणि खोल्यांचे भाव आंब्याच्या भावाशी स्पर्धा करतात. ज्या मुलाला गाडी लागते त्याला उन्हाळ्यात घाट उतरवणं म्हणजे शिक्षाच. तुमच्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पण दिवाळीच्या सुट्टीचा ऐन आठवडा नको, तेव्हा निम्मं पुणं तिथेच असतं. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास जा. भातकापणी होऊन गेलेली असते, हवा स्वच्छ असते, डोंगरांवरचं गवत नुकतं पिवळं पडायला लागलेलं असतं, पहाटे थोडा गारवा असतो. जून-जुलैची मासेमारीबंदी आणि पावसाळी समुद्र मागे पडल्यामुळे मासळीही भरपूर असते. शाळा दोन-तीन दिवस बुडेल. बुडू द्या, चौथीतल्या मुलाचं काही अडत नाही. त्रिपुरी पौर्णिमा जुळून आली तर एखाद्या देवळातला दीपोत्सवही पदरात पडेल. ओल्या काजूची उसळ मात्र तेव्हा मिळणार नाही, त्यासाठी फेब्रुवारी-मार्च गाठावा लागतो. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेही साधारण तेव्हाच. एका सहलीत सगळं मागू नये.

पुण्याहून ताम्हिणीने उतरा. टाकी पिरंगुट-पौडलाच भरून घ्या, पुढे घाटात पंपाची वाट बघत बसू नका. मुळशी धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं, मग जंगल दाट होतं आणि रस्ता वळायला लागतो.

मुलाचं इथेच बघायचं. गाडी लागते ती कान एक सांगतो आणि डोळा दुसरंच सांगतो म्हणून. कानातल्या यंत्रणेला वळण जाणवतं, पण मुलगा मान खाली घालून मोबाइलमध्ये बघत असेल तर डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. म्हणून घाटात मोबाइल बंद, पुस्तक बंद. मागच्या सीटवर मधोमध बसवा, पट्टा लावा, समोरचा रस्ता दिसला पाहिजे. पोट अगदी रिकामंही नको नि टम्मही नको. दोन इडल्या किंवा कोरडी पोळी खाऊन निघायचं, मिसळ नाही. दूध तर नाहीच. गोळी द्यायची असेल तर तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून, निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास द्यायची. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते. आणि आता जरा नाजूक मुद्दा. बऱ्याच वेळा गाडी मुलाला लागत नाही, चालवणाऱ्यामुळे लागते. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला की मागचे सगळे पुढे हेलपाटतात. ब्रेक वळणाच्या आधी, वळण सैल पायाने, बाहेर पडताना हलका ॲक्सिलरेटर. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवली की ब्रेक फार लागतच नाही, ब्रेक तापतही नाहीत. समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबायचं असतं, हा नियमही आहे आणि रीतही. ह्यांना हौस आहे ना गाडीची? मग त्यांना सांगा की मागे ठेवलेल्या बाटलीतलं पाणी हिंदकळलं नाही पाहिजे. हौशी माणसाला असं आव्हान दिलं की तो आपोआप सुधारतो. सूचना दिली की चिडतो.

घाट उतरून माणगाव, तिथून मोर्बा, म्हसळा करत दिवेआगर. पहिल्या दिवशी यापुढे काही नको. दुपारचं जेवण सांगून ठेवलेलं असू दे.

दुसऱ्या दिवसाची सकाळ दिवेआगर ते श्रीवर्धन या रस्त्यासाठी राखून ठेवा. आतल्या बाजूने जाणारा नव्हे, समुद्राला चिकटून शेखाडी-आरावीकडून जाणारा. या पट्ट्यातला हा माझ्या मते सर्वांत देखणा तुकडा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खडक आणि लगेच पाणी. मध्येच एखादी छोटी पुळण, तीवर उलट्या घातलेल्या दोन होड्या, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली मासळी. वासाने मुलगा नाक धरेल, धरू दे.

इथे एक गंमत लक्षात घ्या. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला. शेजारी बसलेल्या तुम्हाला डावीकडचा डोंगर दिसणार. आणि समुद्र ज्याच्या बाजूला, त्याला तो बघता येत नाही, कारण त्याने रस्ताच बघायला हवा. तेव्हा जाताना यजमानांनी चालवावी, येताना तुम्ही. परतताना गाडी पाण्याच्या कडेच्या लेनमध्ये असते आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला सगळा समुद्र फुकट मिळतो. ह्यांना स्टीअरिंग सोडायला लावायचं असेल तर भांडून मागू नका. "तुम्हाला कधी बघायलाच मिळत नाही हो," असं म्हणून मागा. हे खोटंही नाही. गाडीच्या हौशी माणसांनी आयुष्यात सर्वांत जास्त काय पाहिलेलं असतं तर पुढच्या ट्रकचं मागचं फळकूट.

वेळ सकाळचीच हवी. ऊन डोंगराच्या मागून येतं, रस्त्यावर सावली असते आणि पाणी निळं दिसतं. चारनंतर हाच समुद्र चांदीच्या पत्र्यासारखा चकाकतो आणि डोळे दिपतात. सूर्यास्त बघायचा तर गाडी लावून, पुळणीवर बसून बघा.

आता सासूबाई. त्यांचे हाल हायवेवर झाले, कारण हायवेला कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक येत नाही. श्रीवर्धन, दिवेआगर, आंजर्लं, मुरूड, केळशी या गावांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधली जुनी घरं मात्र तसाच स्वयंपाक करत आली आहेत. वालाचं बिरडं घ्या. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून, वर ओलं खोबरं, आमसूल आणि गुळाचा खडा. त्यात कांद्याची गरजच नसते. केळफुलाची भाजी, अळूचं फदफदं, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, नव्या तांदळाचा मऊ भात नि त्यावर मेतकूट-तूप. सांगून ठेवलंत तर उकडीचे मोदक. सांगताना "जैन" म्हणू नका, त्याने उगाच गोंधळ होतो. "कांदा-लसूण नको, बाकी तुमच्या घरी जे असेल ते" एवढं म्हणा. सासूबाईंना स्वतःला फोन करू दिलात तर आणखी बरं. दोन बायका पाच मिनिटांत काय ठरवतील ते तुम्हा-आम्हाला अर्ध्या तासात जमणार नाही.

न्याहारीला घावन मागा. पातळ पीठ असतं, ताकाइतकं. बिडाचा तवा चांगला तापू देतात, नारळाच्या शेंडीने तेल फिरवतात, आणि पीठ कडेकडेने सोडत मध्यावर आणतात. पीठ पडताच चर्र आवाज होतो आणि तिथल्या तिथे जाळी पडते. वर झाकण. कडा आपोआप सुटल्या की घावन झालं. शेजारी वाटीत नारळाचा रस, म्हणजे नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची. घावन रसात बुडवून मऊ होऊ द्यायचं, पण फार वेळ नाही. एकेक करून तव्यावरून थेट पानात आलं तरच मजा. चौघांची एकदम मागवलीत तर शेवटचं गार होऊन चामड्यासारखं ओढावं लागतं. आधी मुलगा, मग सासूबाई, मग तुम्ही असं करा. ह्यांना तोवर गाडीच्या काचा पुसायला सांगा.

मासे खाणारे तुम्ही तिघं आणि न खाणाऱ्या त्या एकट्या, याची सांगड अशी घाला की दुपारी सगळ्यांनी एकत्र शाकाहारी जेवायचं. रात्री एखाद-दुसऱ्या दिवशी तुम्ही मासे खायला जा, सासूबाईंना मुक्कामी मऊ भात. बऱ्याच ज्येष्ठांना तेच आवडतं. एकाच टेबलावर सुरमई नि बिरडं मांडायचा अट्टहास नको. त्या काही बोलणार नाहीत, पण जेवणारही नाहीत.

तिसऱ्या दिवशी श्रीवर्धनहून हरिहरेश्वर. देवळामागच्या खडकांतला प्रदक्षिणेचा मार्ग ओहोटीलाच करायचा, भरतीला त्या वाटेने अजिबात उतरायचं नाही. वेळ तिथे विचाराच. पण सासूबाई पंचांग बघत असतील तर त्यांना दर्यावर्दी लोकांचा ढोबळ हिशेब सांगा : तिथीची पाऊणपट काढली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते ती त्यामुळेच. मुलाला हे गणित घालून दिलंत तर तो दिवसभर सगळ्यांना भरतीच्या वेळा सांगत हिंडेल.

हरिहरेश्वरपासून बागमांडला जवळच. तिथे सावित्रीची खाडी आडवी येते. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. पार व्हायचं ते फेरीबोटीने, जिला तिथे सगळे जंगलजेट्टी म्हणतात. गाड्या, मोटरसायकली, माणसं, कधी एखादा टेम्पो, सगळे एका डेकवर. गाडी लावली की हँडब्रेक ओढा, गिअर टाकून ठेवा आणि सगळे खाली उतरा. अनेक जण एसी लावून गाडीतच बसून राहतात, त्यांच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. कठड्याशी उभं राहिलं की एका बाजूला खाडीचं मुख, दुसऱ्या बाजूला आत वळत गेलेलं पाणी, आणि समोर बाणकोटचा किल्ला, हिम्मतगड. थोड्याच वेळात वेश्वीचा धक्का येतो. एक बोट चुकली तर पुढच्या बोटीची वाट बघायची. म्हणून त्या दिवशी जेवणाची वेळ सांगताना अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी अशा खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते झाले की गावकऱ्यांची सोय होईल, व्हायलाच हवी. पण तोवर तुमच्या मुलाने गाडीसकट बोटीत बसून घ्यावं.

वेश्वीपासून पुढे केळशीचा रस्ता धरा. केळशी, आडे, पाडले, आंजर्लं हा तुकडा अरुंद आहे, वाड्यांच्या दगडी गडग्यांमधून जातो, समोरून एसटी आली की एकाला मागे जावं लागतं. एसटी मागे जात नाही. इथे वेग वीसवर आणा आणि काचा खाली करा. सुपारीच्या बागेतला ओलसर गारवा आत येतो, मग रस्ता एकदम उघड्यावर येतो आणि समुद्र दिसतो, मग पुन्हा बाग. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, उजव्या सोंडेचा. तिथून खाली माडांची वाडी आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग असा देखावा आहे की फोटो काढणारे तिथून हलत नाहीत. सासूबाईंसाठी गाडी बरीच वर जाते.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. तिथे जाच, मासे विकत घ्यायचे नसले तरी. होड्या थोड्या आत थांबतात आणि माल पुळणीवर आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात. चाकाच्या तुंब्यापर्यंत पाणी, बैल शांत. वाळूवर मासळीचे ढीग पडतात, भोवती माणसांचं कडं होतं, आणि बोली इतक्या भराभर लागते की ढीग कुणाचा झाला हे आपल्याला कळेपर्यंत तो टोपलीत गेलेला असतो. त्या कड्यात आपण शिरायचं नाही, तो घाऊक व्यवहार आहे. बाजूला कोळणी बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घ्या. डोळे काचेसारखे स्वच्छ, कल्ले लालभडक, बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर येणारं, एवढं बघितलं की पुरे. भाव थोडा करा, फार ताणू नका, कोळीण तुमच्यापेक्षा सरस बोलते. बऱ्याच घरगुती मुक्कामांत तुम्ही आणलेले मासे करून देतात, पण तसं आधी विचारून ठेवा आणि साफ करून आणा. चप्पल जुनी घाला. सासूबाईंना या वेळी मुरूडच्या पुळणीवर बसवून या.

आता ह्यांच्या यादीकडे. मी ती पाहिलेली नाही, पण तिच्यात "अस्सल मालवणी" असं निदान अर्ध्या नावांपुढे लिहिलेलं असणार. दापोली तालुक्यात बसून मालवणी थाळी मागणं म्हणजे मालवण दोनशेहून जास्त किलोमीटर दूर आहे हे विसरणं. प्रवासी मागतात म्हणून पाट्या लागतात आणि पाटी लागली की सगळीकडे एकाच पाकिटातला मसाला येतो. कोकणचा स्वयंपाक दर खाडीला बदलतो, आणि एकाच गावात आळीआळीला बदलतो. कोळीवाड्यातलं कालवण वेगळं, मुसलमान मोहल्ल्यातलं वेगळं, ब्राह्मणआळीत तर मासेच नाहीत. तिखलात तिरफळं घालून केलेला बांगडा मालवणला गेल्यावर खा, या खेपेला त्याची चौकशीही करू नका. इथे फक्त "आज घरी काय केलंय?" एवढं विचारा. समोरची बाई संकोचून "काही नाही, साधंच" म्हणाली तर तेच मागा.

यादी फाडू मात्र नका, माणूस दुखावतो. त्यातली दोन ठिकाणं ठेवा आणि ती संध्याकाळच्या खाण्यासाठी वापरा.

चौथा दिवस मोकळा ठेवा. ज्यांना राहवणार नाही त्यांनी दाभोळपर्यंत जाऊन वाशिष्ठीची खाडी बोटीने ओलांडावी, धोपाव्याला उतरून गुहागरात जेवावं नि परत यावं. खेड-चिपळूणचा केवढा तरी वळसा त्या बोटीने वाचतो. पण मी तुमच्या जागी असते तर गेले नसते. मुलाला वाळूत किल्ला करायला एक अख्खी सकाळ लागते. ह्यांना एकट्यांना पाठवा हवं तर. गाडी त्यांची, रस्ता त्यांचा, मागे उलटी करायला कुणी नाही.

काही किरकोळ गोष्टी. गाडी पुळणीवर उतरवू नका, कितीही लोक उतरवत असले तरी. ओली वाळू वरून कडक दिसते, चाक फिरलं की खाली जाते, आणि भरती गाडी ओढायला येणाऱ्या ट्रॅक्टरसाठी थांबत नाही. खाऱ्या पाण्याने गाडीच्या पोटाला गंज चढतो तो वेगळाच. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. वळणावर गुरं बसलेली असतात, आणि ज्यासाठी आलात ते दिसत नाही. रोख पैसे जवळ ठेवा, वाड्यांमध्ये रेंज जाते आणि मग मोबाइलवरून पैसे देता देता जेवण पचून जातं. मुक्कामाचा पत्ता नकाशावर टाकण्यापेक्षा तिथल्या घरमालकांना फोन करून रस्ता विचारा, कारण नकाशा जवळची म्हणून जी वाट दाखवतो ती कधी कधी कुणाच्या तरी अंगणात संपते.

परतीला दापोलीहून खेड गाठा, महामार्गाने कशेडीच्या बोगद्यातून पोलादपूर, महाड, माणगाव आणि पुन्हा ताम्हिणी. वरंध घाट जवळचा वाटतो, पण तो पावसाळ्यात आणि दुरुस्तीसाठी वरचेवर बंद असतो. चालू आहे अशी खात्री करूनच त्या वाटेला जा. रविवारी संध्याकाळी परतू नका. रविवारी निघायचंच असेल तर पहाटे निघा आणि पोहे वाटेत खा.

घरी काय आणायचं ते पण विचारलं असतंत, म्हणून सांगते. आमसुलं घ्या, पण नुसती काळी नि चिवट बघून घ्या. मिठाने पांढरी पडलेली वजनाला जड भरतात. कोकमाचं आगळ आणि कोकम सरबत या दोन वेगळ्या बाटल्या आहेत. आगळात मीठ असतं आणि ते सोलकढीला, सरबतात साखर असते आणि ते पाहुण्यांना. दुकानदाराला नुसतं "कोकम द्या" म्हणालात तर तो सरबतच देईल, कारण पुण्याची गाडी दिसते. कुळथाचं पीठ आणि मेतकूट जिथे जेवलात त्याच घरून मिळतंय का बघा. श्रीवर्धनची रोठा सुपारी सासूबाईंना हवी असेल तर श्रीवर्धनलाच घेऊन ठेवा, पुढे आठवण होऊन उपयोग नाही. आंबापोळी या दिवसांत गेल्या हंगामातली असते, ती चालते. ताजी मासळी बर्फात घालून पुण्याला आणायच्या फंदात पडू नका, ताम्हिणीच्या वळणांवर ते पाणी कुठे सांडेल सांगता येत नाही आणि मग पुढचा महिनाभर गाडीत कुणी बसणार नाही. सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणा. तेही घट्ट झाकणाच्या डब्यात, डिकीत, सासूबाईंच्या बॅगेपासून लांब.